नकाराचा भरवसा काय?

इंग्रजी शब्दाच्या आधी 'इन', 'अन', 'डिस', 'नॉन' यांपैकी काही लागलं की अर्थ उलटा होतो, असं आपल्याकडे शाळेत शिकवतात. फळ्यावर दोन रकाने आखतात. डावीकडे 'करेक्ट', उजवीकडे 'इनकरेक्ट'. डावीकडे 'हॅपी', उजवीकडे 'अनहॅपी'. मुलं तो तक्ता पाठ करतात, परीक्षेत त्यावर नेमका प्रश्न येतो, मार्क मिळतात आणि विषय संपतो. माझी तक्रार या तक्त्याबद्दल आहे. तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा भाग माणसाला कळतो तो पोलीस ठाण्यात, सोनोग्राफीच्या केंद्रात किंवा टँकरच्या मागे गाडी थांबलेली असताना.

टँकरपासूनच सुरुवात करतो. हमरस्त्यावर पेट्रोल नेणाऱ्या टँकरच्या पाठीवर लाल अक्षरांत 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं. मागच्या गाडीत बसलेली सहावीतली मुलगी ते वाचते. तिला 'फ्लेम' म्हणजे ज्वाळा हे माहीत आहे. 'इन' म्हणजे नाही, हे तिला शाळेनं शिकवलंय. तिनं दोन्हींची बेरीज केली तर उत्तर येतं : अजिबात न पेटणारं. तिच्या तर्कात कुठेही चूक नाही. चूक आहे ती तिला दिलेल्या नियमात. लॅटिनमध्ये 'इन' दोन होते. एक नकाराचा, दुसरा 'आत, आतपर्यंत' अशा अर्थाचा. 'इन्फ्लेमेबल'मधला 'इन' दुसरा आहे. आतपर्यंत पेट घेणारं, असं त्याचं मूळ. इंग्रजीत येताना दोघांचं स्पेलिंग एकच राहिलं आणि ओळखायची काहीच खूण उरली नाही.

हा घोळ फक्त परक्या विद्यार्थ्यांचाच होतो असंही नाही. अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशननं 1920 च्या दशकातच 'इन्फ्लेमेबल' सोडून 'फ्लेमेबल' वापरा, असा आग्रह धरला, कारण शब्द चुकीचा वाचला तर माणूस तिथेच काडी ओढेल, ही भीती खरी होती. ब्रिटिश मानक संस्थेनं 1959 मध्ये हेच धोरण स्वीकारलं. म्हणजे ज्यांची ही भाषा, त्यांनीच हा शब्द धोक्याचा ठरवून बाजूला काढला. आपल्याकडे मात्र 1952 सालच्या केंद्रीय कायद्याचं नावच 'इन्फ्लेमेबल सबस्टन्सेस अॅक्ट' आहे. आता रस्त्यावर एका टँकरवर 'फ्लेमेबल' दिसतं, दुसऱ्यावर 'इन्फ्लेमेबल', आणि दोन्हींचा अर्थ एकच. उलट अर्थ हवा असेल तर 'नॉनफ्लेमेबल' म्हणावं लागतं. शेजारी 'ज्वलनशील' हा शब्द असतो तेव्हा शंकेला जागाच राहत नाही. वाचणाऱ्याला तो एका दमात कळतो. तो मोठ्या अक्षरांत आणि इंग्रजीच्या वर लिहायला रंगाचा एक जास्तीचा डबा लागेल, इतकाच खर्च.

या दुसऱ्या 'इन'ची वस्ती मोठी आहे. पुढचं अक्षर बघून तो 'इम', 'इल', 'इर' होतो, नकाराचा 'इन'ही तसाच होतो, त्यामुळे फरक आणखी झाकला जातो. 'इरेग्युलर' म्हणजे नियमित नसलेलं; त्यातला 'इर' नकाराचा. 'इरिगेशन' म्हणजे पाणी आत देणं. त्यातला 'इर' नकाराचा नाही. महाराष्ट्रात इरिगेशन खात्याचं नाव ऐकलं नाही असा शेतकरी सापडायचा नाही, पण शाळेच्या तक्त्याप्रमाणे गेलं तर त्या नावाचा अर्थ 'पाणी न देणं' असा निघेल. 'इल्युमिनेट' म्हणजे उजळणं, 'इल्लीगल' म्हणजे बेकायदा. कोणता 'इल' कुठला, हे शब्दाकडे नुसतं पाहून कळत नाही. शब्द आधीपासून माहीत असेल तरच कळतं. आणि जो नियम शब्द आधीपासून माहीत असणाऱ्यालाच उपयोगी पडतो, तो न जाणणाऱ्या मुलाला शिकवण्यात काय हशील?

नकार दडून बसतो तो प्रकार वेगळाच. 'इन्फंट' म्हणजे तान्हं मूल. मुळात 'न बोलणारं'. त्याच शब्दावरून इटालियनमध्ये तरुण पोरगा, मग पायदळातला शिपाई, आणि त्यावरून 'इन्फंट्री'. बेळगावला ज्या मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, तिच्या नावातही असा एक नकार आहे. युद्धघोषणा देत चाल करून जाणाऱ्या पलटणीच्या नावाच्या मुळाशी 'न बोलणारा' असावा, याचं मला आजही नवल वाटतं. पण इथे तक्रार नाही. हा शब्द कुणाला फसवत नाही, कारण त्याचे तुकडे पाडायला कुणी सांगत नाही.

'अन'चं दुखणं आणखी खोल आहे. इंग्रजीत 'अन'ही दोन आहेत आणि त्यांची घराणीच वेगळी. विशेषणाच्या आधी येणारा 'अन' नकाराचा : 'अनफेअर', न्याय्य नसलेलं. क्रियापदाच्या आधी येणारा 'अन' केलेलं काम उलटवणारा : 'अनलॉक', कुलूप काढणं. 2020 च्या जूनमध्ये केंद्र सरकारनं टाळेबंदी उठवायला सुरुवात केली तिला 'अनलॉक' नाव दिलं, तेव्हा हा दुसरा 'अन' घराघरांत पोचला. टाळेबंदी 'नव्हती' असा त्याचा अर्थ नव्हता. होती आणि ती उघडायची होती. आता 'अनलॉकेबल' हा शब्द घ्या. ज्याला कुलूप लावताच येत नाही ते दार 'अनलॉकेबल', आणि ज्याचं कुलूप उघडता येतं तेही दार 'अनलॉकेबल'. दोन्ही अर्थ व्याकरणात बसतात. 'अनपॅक्ड' सामान म्हणजे अजून बांधायचंय की गावाहून येऊन सोडून झालंय, हे घरात जाऊन पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. मूळ इंग्रज माणूस संदर्भानं निभावून नेतो. ज्याच्याकडे इंग्रजी फक्त पुस्तकातून आली, त्याच्याकडे संदर्भ नसतो, तक्ता असतो.

इथपर्यंत नुकसान मार्कांचं. यापुढचं कागदांचं आहे.

गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबर अखेरपर्यंत घ्याव्या लागतात. तिथे लेखापरीक्षकाचा अहवाल वाचला जातो. अहवालाला 'अनक्वालिफाइड' म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ असा असतो की हिशेब नीट आहेत, लेखापरीक्षकानं कोणतीही अट किंवा आक्षेप न ठेवता मत दिलंय. याहून चांगलं मत नसतं. पण 'क्वालिफाइड' म्हणजे शिकलेला, पदवीधर, हा अर्थ आपल्या कानांत इतका पक्का बसलाय की 'अनक्वालिफाइड' ऐकताच एखादे सभासद उठतात आणि अपात्र माणसाकडून हिशेब तपासून घेतलाच कसा, असं विचारतात. मी हे एका सभेत पाहिलंय. त्या काकांची चौकशी अगदी रास्त होती. सचिवांनी समजावलं, त्यांना ते पटलं नाही, आणि पाण्याच्या टाकीचा विषय रात्री उशिरा आला. सनदी लेखापालांच्या आताच्या मानकांत 'अनमॉडिफाइड' हा शब्द घेतलाय. बरं केलं, पण नकार तिथेही आहेच. 'हिशेब बरोबर आहेत' एवढं पहिल्या ओळीत मराठीत लिहिलं असतं तर कुणालाच उठावं लागलं नसतं.

'इनव्हॅलिड' हा शब्द आता मोबाइलमुळे सगळ्यांच्या ओळखीचा झालाय. ओटीपी चुकला की तो येतो. हाच शब्द, याच स्पेलिंगचा, उच्चार बदलून 'इन्व्हलिड' झाला की अंथरुणाला खिळलेला माणूस. सरकारी नोकराला आजारपणामुळे काम करणं अशक्य झालं तर त्याला मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाला इंग्रजी नियमांत 'इनव्हॅलिड पेन्शन' म्हणतात. ते कागदावर वाचणाऱ्या बाईला आपल्या नवऱ्याची पेन्शन रद्द झाली असं वाटलं तर तिला दोष कसा द्यायचा? शासनाच्या मराठीत त्याला 'रुग्णता निवृत्तिवेतन' म्हणतात. तीन अक्षरी 'रुग्णता' शब्दानं काम होतं. तरी हातात पडणारा नमुना इंग्रजीतला असला की पुन्हा तेच.

पोलिसांचे शब्द मला सर्वांत जास्त सलतात. शिवीगाळ, किरकोळ मारहाण अशी तक्रार घेऊन माणूस ठाण्यात जातो. तिथे त्याला सांगतात, 'ही एनसी आहे.' नॉन-कॉग्निझेबल. कायद्यात याचा अर्थ नेमका आहे : असा गुन्हा की ज्याचा तपास पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करू शकत नाहीत. तक्रार नोंदवायची, तक्रारदाराला दंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगायचं. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 155 व्या कलमात होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 174 व्या कलमात आहे. म्हणजे 'नॉन' इथे गुन्ह्याबद्दल बोलत नाही, पोलिसांच्या अधिकाराबद्दल बोलतो. पण मराठीत आपण त्याचं 'अदखलपात्र' केलं. ज्याला मार बसलाय त्याच्या कानावर 'अदखलपात्र' पडतं तेव्हा त्याला ऐकू येतं की तुझ्या दुखण्याची दखल घ्यायची लायकी नाही. तो कागद खिशात घालून घरी जातो आणि दंडाधिकाऱ्यांचा रस्ता त्याच्यासाठी उघडा आहे हे त्याला कळतच नाही. इंग्रजीतला नकार आपण विचार न करता उचलला आणि वर अपमानाची भर घातली. 'न्यायालयाच्या आदेशाने तपास' असं त्याच कागदावर छापायला कुणाचा विरोध असणार?

'नॉन-बेलेबल'चं उलटं होतं. 'अजामीनपात्र गुन्हा दाखल' असा मथळा वर्तमानपत्रात आला की गाव ठरवतं, आता हा सुटत नाही. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. अजामीनपात्र गुन्ह्यात तो हक्क नसतो, तो द्यायचा की नाही हे न्यायालय ठरवतं. इतकाच फरक. नागरिक सुरक्षा संहितेचं 480 वं कलम अजामीनपात्र गुन्ह्यांत जामीन कधी द्यावा हेच तर सांगतं. त्यामुळे आरोपी चार दिवसांनी बाहेर दिसतो, आणि लोक म्हणतात, पैसे चारले. कधी चारलेही असतील. पण कितीदा तरी कायद्याप्रमाणे झालेल्या गोष्टीवर संशय बसतो तो एका उपसर्गामुळे, आणि न्यायालयावरचा विश्वास उगाच कमी होतो. मथळा लिहिणाऱ्यांना हा फरक ठाऊक असतो. बातमीत एक ओळ वाढवली तर वाचकालाही होईल.

कधी लोक स्वतःच नकार गाळतात. जून महिन्यात सेतू केंद्राबाहेर मुलं एकमेकांना विचारतात, 'क्रिमिलेअर काढलंस का?' खरं तर हवा असतो तो 'नॉन-क्रिमिलेअर'चा दाखला, उन्नत आणि प्रगत गटात मोडत नसल्याचा. 'नॉन' गाळला की अर्थ थेट विरुद्ध होतो, पण बोलताना कुणाचं अडत नाही, कारण सगळ्यांना काय हवंय ते माहीत असतं. अडतं ते ऑनलाइन अर्ज भरताना. 'क्रिमिलेअरमध्ये मोडता का?' या प्रश्नाला मुलगा उत्साहानं 'हो' करतो, कारण त्याला वाटतं दाखला आहे का असं विचारलंय. त्या एका खुणेनं आरक्षणाची जागा हातची जाऊ शकते. नकारार्थी दाखला आणि होकारार्थी प्रश्न यांची गाठ सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला घालायला लावू नये.

दवाखान्यात तर चांगल्या-वाईटाची अदलाबदलच होते. 'निगेटिव्ह' म्हणजे सुटलो, 'पॉझिटिव्ह' म्हणजे संकट, हे करोनानं सगळ्यांना शिकवलं. 'नॉन-रिअॅक्टिव्ह' म्हणजे रक्तात दोष आढळला नाही. हे शिकता येतं. पण सोनोग्राफीच्या अहवालातला 'अनरिमार्केबल' हा शब्द मला अक्षम्य वाटतो. 'लिव्हर इज अनरिमार्केबल.' त्याचा अर्थ यकृत ठीक आहे, मुद्दाम नोंदवावं असं काही नाही. शेजारच्या काकूंनी हा अहवाल शनिवारी संध्याकाळी घरी आणला, नातवानं शब्दाचे तुकडे पाडून सांगितलं की तुमच्या लिव्हरबद्दल काही बोलण्यासारखं राहिलेलं नाही. डॉक्टर सोमवारी भेटणार होते. रविवार त्या घरात कसा गेला असेल याची कल्पना करा. अहवाल डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेला असतो, हे मला मान्य. पण तो आधी रुग्णाच्या हातात पडतो, पैसे रुग्ण देतो आणि पोट रुग्णाचं असतं. 'नॉर्मल' हा शब्द खेड्यापाड्यांतही कळतो. तो लिहावा.

शिकवण्याकडे परत येतो, कारण मूळ तिथे आहे. महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं. हा काळ थोडा नाही. पण उपसर्ग शिकवायची पद्धत तीच आहे. 'इन्फेमस' म्हणजे प्रसिद्ध नसलेला, असं मुलं अजून लिहितात; तो कुप्रसिद्ध. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे रस नसलेला असं समजतात. त्याचा जपून वापरला जाणारा अर्थ आहे निःपक्ष, ज्याचा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला नाही असा. लवाद असाच लागतो. ज्याला रस नाही तो 'अनइंटरेस्टेड'. 'अनएक्सेप्शनल' म्हणजे सामान्य, आणि 'अनएक्सेप्शनेबल' म्हणजे ज्यावर आक्षेप घेता येणार नाही असं. एका 'बल'नं टीकेची स्तुती होते.

आणि 'इनव्हॅल्युएबल'. मुलं याचा अर्थ 'किंमत नसलेलं' असा लिहितात आणि मार्क घालवतात. मला हे फार लागतं, कारण हा शब्द मराठी मुलाला सर्वांत सोपा जायला हवा. आपल्याकडे 'अमूल्य' आहे. मूल्य करता येणार नाही इतकं मोलाचं. घडण हुबेहूब तीच. 'इमेन्स' म्हणजे मुळात न मोजलेलं, आपला 'अमाप'. 'इमॉर्टल' म्हणजे 'अमर', 'इन्फिनिट' म्हणजे 'अनंत'. हे साम्य योगायोगाचं नाही. संस्कृतचा 'अ' किंवा 'अन्', ग्रीकचा 'अ', लॅटिनचा नकारार्थी 'इन' आणि इंग्रजीचा विशेषणाआधीचा 'अन' हे सगळे एकाच प्राचीन मुळातून आलेत. व्यंजनापुढे 'अ' आणि स्वरापुढे 'अन्' हा नियम पाणिनीनं सांगितला, आणि 'अमर', 'अनादि' म्हणताना आपण तो रोज पाळतो.

आपल्या वैयाकरणांनी तर याहून मोठी गोष्ट केली. नकाराचा हा उपसर्ग, त्यांच्या भाषेत नञ्, फक्त 'नाही' म्हणत नाही, हे त्यांनी ओळखलं आणि त्याचे सहा अर्थ सांगितले : सारखेपणा, अभाव, वेगळेपणा, अल्पता, वाईटपणा आणि विरोध. 'अनुदरा' म्हणजे पोटच नसलेली मुलगी नव्हे, बारीक पोटाची. 'अधर्म' म्हणजे धर्म नसणं एवढंच नव्हे, धर्माच्या विरुद्ध वागणं. हे वर्गीकरण घेऊन 'इन्फेमस'कडे पाहिलं की तो लगेच वाईटपणाच्या खान्यात बसतो. 'डिसइंटरेस्टेड'मध्ये स्वार्थाचा अभाव दिसतो. ज्या मातीत नकाराची इतकी बारीक छाननी झाली, तिथल्या मुलांना आपण दोन रकान्यांचा तक्ता देतो, याचं मला वाईट वाटतं. संस्कृत शिकवायला हवं असं मी म्हणत नाही. इंग्रजीच्या तासाला 'अमूल्य' एवढा शब्द फळ्यावर लिहिला तरी पुरे.

मराठीतही असे खड्डे आहेत. 'परोक्ष' म्हणजे डोळ्यांआड, म्हणून 'अपरोक्ष' म्हणजे डोळ्यांसमोर असायला हवं, आणि संस्कृतात ते तसंच आहे. आपण मात्र 'माझ्या अपरोक्ष हे घडलं' असं म्हणतो आणि सांगायचं असतं पाठीमागे घडलं. 'घोर' भयंकर आणि 'अघोर'ही भयंकर. मुळात 'अघोर' म्हणजे भयंकर नसलेला, ते शंकराचं नाव. पण हे शब्द आपण कानानं शिकलो. कुणी तुकडे पाडून अर्थ लावायला सांगितलं नाही, म्हणून कुणी अडखळत नाही. हेच इंग्रजीला लागू करायला हवं. शब्द अख्खा शिकवा, वाक्यात शिकवा, आणि तुकडे नंतर पाडा.

इंग्रजी लेखकांना या गोष्टींची मौज वाटते. 'डिसग्रंटल्ड' म्हणजे चिडलेला. त्यातला 'डिस' नकाराचा नाही, जोर देणारा आहे. विनोदी लेखक वुडहाउसनं 1938 च्या 'द कोड ऑफ द वूस्टर्स'मध्ये तो काढून 'ग्रंटल्ड' हा शब्द 'खूश' या अर्थानं वापरला. वुडहाउस मलाही प्रिय आहे. पण ही मौज घरच्यांची आहे. परीक्षेला बसलेल्या मुलाला तीत वाटा नाही.

म्हणून मागणं थोडंच आहे. इंग्रजीच्या शिक्षकांनी तो तक्ता पुसावा आणि त्याच्या जागी वीस वाक्यं द्यावीत. टँकरवर 'ज्वलनशील' वर असावं. पोलीस ठाण्यात एनसीची प्रत देताना पुढे कुठे जायचं ते मराठीत छापलेलं असावं. अर्जातला प्रश्न 'तुमच्याकडे नॉन-क्रिमिलेअरचा दाखला आहे का?' असा सरळ विचारावा. आणि सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना हात जोडून विनंती : 'अनरिमार्केबल' तुमच्या सहकाऱ्यांसाठी ठेवा हवं तर, पण त्याखाली 'सर्व काही नॉर्मल आहे' अशी एक ओळ मराठीत लिहा आणि मग अहवाल रुग्णाच्या हातात द्या.